टंचाईच्या काळात आधी कारखानदार, मग हौशी: रास्पबेरी पायच्या धोरणाकडे कसे पाहावे?

प्रश्न: धरमपेठकर

नमस्कार. नागपूरच्या धरमपेठेत मी आठवी ते दहावीच्या मुलांसाठी शनिवारी आणि रविवारी इलेक्ट्रॉनिक्स व प्रोग्रॅमिंगचा एक लहान वर्ग चालवतो. वर्ग म्हणजे घराची पुढची खोली, दोन लांब टेबले, एक कूलर आणि बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात ठेवलेले पाच रास्पबेरी पाय बोर्ड, म्हणजे एकाच उघड्या पट्टीवर बसवलेले छोटे, स्वस्त संगणक. मुलांनीच प्रत्येक बोर्डावर चिकटपट्टी लावून क्रमांक लिहिले आहेत. त्यांतला तीन क्रमांकाचा बोर्ड २०२२ च्या उन्हाळ्यात गेला. एका मुलाने पाच व्होल्टची तार सरळ ३.३ व्होल्ट सहन करणाऱ्या पिनेला जोडली. ना धूर निघाला, ना वास आला, पण त्यानंतर तो बोर्ड पुन्हा सुरू झाला नाही. मुलगा रडवेला झाला होता, म्हणून मी त्याला सांगितले की पुढच्या शनिवारी नवा आणू.

तो शनिवार यायला जवळजवळ वर्ष लागले. बर्डीच्या बाजारातल्या दुकानांत बोर्ड नव्हता, अधिकृत विक्रेत्यांच्या संकेतस्थळांवर साठा संपल्याची पाटी होती आणि एका विक्रेत्याने छापील किमतीच्या दुपटीहून जास्त रक्कम सांगून वर ‘उद्या हाही राहणार नाही’ असे ऐकवले. त्याच सुमारास, एप्रिल २०२२ मध्ये, कंपनीचे प्रमुख एबन अप्टन यांनी जाहीर केले होते की चिपांची टंचाई आहे तोवर व्यावसायिक आणि औद्योगिक ग्राहकांना प्राधान्य दिले जाईल, कारण ज्यांचा धंदा या बोर्डांवर उभा आहे त्यांच्या रोजीरोटीचा हा प्रश्न आहे. मी तेव्हा ते निमूटपणे मान्य केले.

आता मेमरीच्या चिपांची टंचाई आली आहे. डिसेंबर २०२५ मध्ये रास्पबेरी पाय ५ या मॉडेलच्या चार जीबी मेमरीच्या बोर्डाची किंमत ६० वरून ७० डॉलर, आठ जीबीची ८० वरून ९५ आणि सोळा जीबीची १२० वरून १४५ डॉलर झाली. त्याच महिन्यात मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉन कंपनीने सामान्य ग्राहकांना मेमरी विकणारा आपला क्रूशल हा व्यवसाय बंद करत असल्याचे जाहीर केले आणि त्यामागे मोठ्या ग्राहकांचा पुरवठा सांभाळण्याचे कारण दिले. रास्पबेरी पायने या वेळी कोणालाही रांगेत मागे लोटलेले नाही, हे मला मान्य आहे. तरीही २०२२ ची आठवण होतेच.

म्हणून दोन गोष्टी विचारतो. ज्या कंपनीचा जन्मच मुलांच्या हाती स्वस्त संगणक देण्यासाठी झाला, तिने अडचणीच्या वेळी त्या मुलांना थांबायला सांगावे, हे आपल्याला योग्य वाटते का? आणि जूनपासून माझ्या वर्गात बारा मुले असतील, तर त्यांच्यासाठी आजच बोर्ड घेऊन ठेवावेत की वाट पाहावी?

उत्तर: हिंगणा वर्कशॉप

सर, आपण ज्यांच्याविषयी लिहिले आहे त्या व्यावसायिक ग्राहकांपैकी मी एक आहे, त्यामुळे माझे म्हणणे थोडे हात राखून वाचावे. हिंगणा एमआयडीसीत माझे छोटे वर्कशॉप आहे आणि माझ्यासह सहा जण तिथे काम करतात. विदर्भातल्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांसाठी, म्हणजे कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधणाऱ्यांसाठी, आम्ही गाठींचे वजन नोंदवणारी यंत्रे बनवतो. प्रेसमधून साधारण १७० किलोची गाठ बाहेर पडते, ती काट्यावर येते, वजन पडद्यावर दिसते, चिठ्ठी छापली जाते आणि नोंद कार्यालयातल्या संगणकात जाते. या सगळ्यामागे रास्पबेरी पायचे कंप्यूट मॉड्यूल असते, म्हणजे तोच संगणक, पण जोडण्यांची भोके आणि पिना काढून टाकलेला आणि दुसऱ्या बोर्डात बसवायचा.

आता त्या वर्षी माझ्याकडे काय परिस्थिती होती ते सांगतो. जूनमध्ये माझ्याकडे तीस यंत्रांच्या पत्र्याच्या पेट्या कापून, रंगवून तयार होत्या. पेटीतली भोके, आतला बोर्ड, पंखा नको म्हणून लावलेली अॅल्युमिनियमची पट्टी, हे सगळे त्या एका मॉड्यूलच्या मापाने केलेले होते. कापसाचा हंगाम दसरा-दिवाळीनंतर सुरू होतो आणि जिनिंगवाला यंत्र हंगामाआधी मागतो. जानेवारीत नेऊन दिले तर तो पैसेही देत नाही आणि पुढल्या वर्षी दारातही उभे करत नाही. दुसऱ्या कंपनीचा बोर्ड घ्यायचा तर नवा आराखडा, नवी पेटी, काट्याशी बोलणारा प्रोग्रॅम नव्याने तपासणे, असे किमान चार महिन्यांचे काम होते. तेवढे महिने सहा जणांचे पगार मी घरातून देऊ शकलो नसतो.

मी कंपनीला रीतसर पत्र पाठवले. काय बनवता, वर्षाला किती नग लागतात, कोणाला विकता आणि माल न मिळाल्यास काय होईल, हे त्यात लिहायचे होते. तीन आठवड्यांनी उत्तर आले आणि पुढे दोन हप्त्यांत पंचवीस मॉड्यूल मिळाली. त्या पंचविसांवर हंगाम निघाला.

एक कबुली देतो, कारण इथे खरे बोलले नाही तर चर्चेला अर्थ राहत नाही. मला तीस हवी होती आणि मी चाळीस मागितली होती. सगळेच वाढवून मागतात, म्हणून आपणही वाढवून मागावे, नाहीतर काट-छाट होऊन वीसच हाती येतील, असा माझा हिशेब होता. माझ्यासारखे हजारो लोक असाच हिशेब करत असतील तर टंचाई कागदावर किती फुगत असेल, याचा विचार मला फार उशिरा सुचला.

उत्तर: महालचा सोल्डरवाला

वर्कशॉपवाल्या दादांची अडचण खरी आहे आणि त्यांना माल मिळाला याचे मला वाईट वाटत नाही. माझा आक्षेप वेगळा आहे.

हा बोर्ड २९ फेब्रुवारी २०१२ रोजी विक्रीला आला तेव्हा तो ३५ डॉलरचा होता आणि कोणत्याही कारखान्याने तो मागितला नव्हता. केंब्रिज विद्यापीठात संगणकशास्त्र शिकायला येणाऱ्या मुलांची संख्या आणि तयारी घटत चालली आहे, या काळजीतून काही मंडळींनी एक धर्मादाय संस्था स्थापन केली आणि तिने हा संगणक घडवला. पुढची दहा वर्षे जगभरच्या हौशी लोकांनी त्याच्यासाठी प्रोग्रॅम लिहिले, चुका शोधल्या आणि रात्री जागून अनोळखी माणसांच्या प्रश्नांना फुकट उत्तरे दिली. आज एखादा कारखानदार हाच बोर्ड निवडतो, तो त्यातल्या चिपेसाठी नव्हे. त्यापेक्षा वेगवान चिपा इतरांकडे स्वस्तात मिळतात. तो हा बोर्ड निवडतो कारण अडले तर उत्तर कुठेतरी लिहिलेले सापडते. ते उत्तर लिहिणाऱ्याला २०२२ मध्ये सांगण्यात आले की तुमची पाळी नंतर.

रोजीरोटीचा मुद्दा मला पटतो, पण त्यातून सगळे काही तिकडे वळवावे असा निष्कर्ष निघत नाही. आपल्याकडे रेशनच्या दुकानातही शेवटच्या कार्डवाल्यासाठी काही पोती राखलेली असतात, निदान असावीत अशी अपेक्षा असते. कंपनी त्या काळातही महिन्याला चार-पाच लाख नग बनवत होती. त्यातला दहावा हिस्सा सुट्या विक्रीसाठी आधीच वेगळा काढला असता, तर सरांच्या वर्गातला तीन क्रमांक तरी परत आला असता. हे अशक्य नव्हते याचा पुरावा कंपनीनेच दिला. डिसेंबर २०२२ मध्ये तिने एक लाख नग सुट्या ग्राहकांसाठी वेगळे काढले. जे डिसेंबरात जमले ते एप्रिलमध्ये का जमू नये, याचे समाधानकारक उत्तर माझ्या वाचनात आलेले नाही.

दुसरे असे की, माल कुठे जातो याची वाट कळत नसल्यामुळे मधल्या लोकांचे फावले. कोणत्या देशात कोणत्या विक्रेत्याकडे किती वाजता साठा आला हे दाखवणारे आरपीआयलोकेटर नावाचे संकेतस्थळ लोकांना चालवावे लागले, यातच सगळे आले. मी स्वतः पहाटे उठून त्यावर लक्ष ठेवत असे. एकदा एक बोर्ड टोपलीत घातला, पत्ता भरला, बँकेचा ओटीपी येईपर्यंत तो गेला. त्या दिवशी चहासुद्धा गोड लागला नाही.

उत्तर: हिंगणा वर्कशॉप

दादा, दहावा हिस्सा राखायला हवा होता, हे मला मान्य आहे. फक्त एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. आपण हौशी आणि व्यावसायिक अशा दोन रांगा धरून चाललो आहोत, पण त्या दोन्ही रांगांत पुष्कळदा एकच माणूस उभा असतो. मी माझा पहिला रास्पबेरी पाय, मॉडेल बी, २०१३ मध्ये घेतला तेव्हा माझ्याकडे वर्कशॉप नव्हते, जीएसटी क्रमांकही नव्हता कारण तेव्हा जीएसटीच नव्हता. मी नोकरी करून रात्री गच्चीवर पाण्याच्या टाकीची पातळी मोजत बसे. त्या खेळातून हा धंदा निघाला. त्यामुळे २०२२ मध्ये जो मुलगा गच्चीवर बसला असता आणि बोर्ड न मिळाल्याने बसला नाही, तो दहा वर्षांनी कंपनीचा ग्राहक होणार नाही. कंपनीचे हे नुकसान कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

आणि सरांचा वर्ग कुठल्या रांगेत येतो, हेही मला कळलेले नाही. ते हौशी नाहीत, कारण पालक शुल्क देतात. कंपनीला हवा तसा उद्योगही ते नाहीत, कारण त्यांची वर्षाची गरज एका बोर्डाची आहे. मी भरलेल्या पत्रात त्यांच्यासारख्यांना लिहिण्याजोगी जागाच नव्हती.

उत्तर: प्रयोगशाळा सहायक

मी इथल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत काम करतो. नैतिक बाजू आपण सर्वांनी चांगली मांडली आहे, म्हणून मी थोडे वस्तुस्थितीविषयी आणि मग जूनविषयी लिहितो.

२०२१-२२ मध्ये सर्वच चिपा सारख्या दुर्मीळ नव्हत्या, आणि कंपनीचे धोरण समजून घ्यायचे तर हे लक्षात घ्यावे लागते. रास्पबेरी पायच्या पाय ३ आणि मूळ पाय झीरो या मॉडेलांच्या मुख्य चिपा ४० नॅनोमीटरच्या जुन्या पद्धतीने बनतात, पाय ४ ची चिप २८ नॅनोमीटरची आहे (आकडा जितका लहान, तितकी पद्धत नवी). २०२० च्या सुरुवातीला मोटार कंपन्यांनी घाबरून मागण्या रद्द केल्या, काही महिन्यांत त्या सगळ्या एकदम परत आल्या, आणि त्यांना लागणाऱ्या बहुतेक चिपा याच जुन्या पद्धतीच्या होत्या. त्यातच मार्च २०२१ मध्ये जपानमधल्या नाका येथील रेनेसास या चिप कंपनीच्या कारखान्याला आग लागली. जुन्या पद्धतीचे नवे कारखाने सहसा कोणी उभारत नाही, कारण त्यात नफा कमी. म्हणून ४० नॅनोमीटरवाल्यांची कोंडी सर्वांत वाईट झाली. ऑक्टोबर २०२१ मध्येच कंपनीने सांगून टाकले होते की ४० नॅनोमीटरचा जो माल हाती आहे तो कंप्यूट मॉड्यूल ३ आणि पाय ३बी यांच्याकडे वळवला जाईल आणि पाय ३ चाच ३बी प्लस हा प्रकार मागे राहील. ३बी प्लस वापरणाऱ्या उद्योगांना तर तिने पाय ४ कडे जाण्याचा सल्ला दिला होता. म्हणजे उद्योगांनाही सगळे मागेल तसे मिळाले, असे नाही.

याच काळात त्याच कंपनीचा पिको मात्र, म्हणजे दिवे-मोटारी चालवण्यापुरता छोटा, स्वस्त बोर्ड, सहज मिळत होता. कारण पाहण्यासारखे आहे. पिकोवरची आरपी२०४० ही चिपही ४० नॅनोमीटरचीच आहे, पण ती फारच लहान आहे. सिलिकॉनच्या एका ३०० मिलिमीटरच्या चकतीतून अशा सुमारे २०,००० चिपा निघतात. त्यामुळे थोड्याच चकत्यांत कंपनीला लाखो नग बनवता आले. जून २०२२ मध्ये, टंचाई ऐन भरात असताना, वायफाय असलेला पिको डब्ल्यू सहा डॉलरला विक्रीला आला. सोल्डरवाल्या दादांना मी हे आवर्जून सांगेन की हौशी लोकांना काहीच दिले नाही, असे म्हणता येत नाही. त्यांना हवे होते ते दिले नाही, एवढेच.

आणखी एक गोष्ट कंपनीच्या बाजूची आणि एक विरुद्ध. सप्टेंबर २०२३ मध्ये पाय ५ जाहीर करताना कंपनीने वर्षअखेरपर्यंतचे सर्व नग एकेक घेणाऱ्या सुट्या ग्राहकांसाठी राखून ठेवले, म्हणजे जुनी रांग उलटी करून दाखवली. याला कर्जफेड म्हणायला माझी हरकत नाही. पण त्याच वर्षी विकल्या गेलेल्या एकूण नगांपैकी सुमारे ७२ टक्के औद्योगिक वापरासाठी गेले, हे जून २०२४ मध्ये लंडनच्या शेअर बाजारात उतरताना कंपनीनेच सांगितले. ज्या घरात चारातले तीन पाहुणे एका गावचे असतात, तिथे स्वयंपाक कोणाच्या चवीचा होणार हे उघड आहे. धर्मादाय संस्था आजही मोठी भागधारक आहे आणि कंपनीतून तिला मिळालेला पैसा मुलांच्या शिक्षणासाठी वापरला जातो, हेही खरेच. मात्र इंग्लंडमध्ये गोळा झालेल्या त्या पैशातून धरमपेठेतला जळालेला बोर्ड बदलून मिळत नाही.

आता जूनविषयी. सध्याची टंचाई मेमरीची आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभ्या राहणाऱ्या मोठ्या डेटा सेंटरांना जी मेमरी लागते तिच्याकडे कारखाने वळल्यामुळे साध्या मेमरीचे दर चढले आहेत. पिकोला हा प्रश्न भेडसावत नाही, कारण त्याची २६४ किलोबाइटची मेमरी चिपेच्या आतच असते, बाहेरून विकत आणावी लागत नाही. आठवी-नववीच्या मुलाला दिवा लावणे, तापमान वाचणे, मोटार फिरवणे आणि पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकणे यासाठी पिको पुरेसा आहे. तोही ३.३ व्होल्टचाच आहे, तेव्हा पाच व्होल्टची चूक तिथेही होईल, फक्त ती स्वस्तात होईल. मी आमच्याकडे पहिल्या सत्रात पिनांजवळ लाल नेलपॉलिशचा ठिपका देऊन ठेवतो. हा उपाय हास्यास्पद वाटेल, पण तेव्हापासून दोनच बोर्ड गेले आहेत.

ज्यांना लिनक्स, वेबसाइट किंवा कॅमेरा शिकायचा आहे त्यांच्यासाठी दोन पूर्ण बोर्ड पुरतात आणि ते एक जीबीचे घेतले तरी चालतात. पाय ५ चा एक जीबीचा बोर्ड डिसेंबर २०२५ मध्ये ४५ डॉलरला आला तो याच हिशेबाने. पडद्यावरची खिडक्यांची गर्दी टाळली तर त्यावर पायथॉन, कॅमेरा आणि छोटा सर्व्हर व्यवस्थित चालतात. याखेरीज कार्यालयांतून निघालेले जुने लहान संगणक बर्डीवर तपासून घेता येतात. त्यांना पिना नसतात, पण प्रोग्रॅमिंग शिकायला पिना लागतही नाहीत, आणि यूएसबीने पिको जोडला की पिनाही मिळतात. बारा पूर्ण बोर्ड आज घेऊन ठेवण्याच्या मात्र मी विरुद्ध आहे. वर्कशॉपवाल्यांनी दहा जास्त मागितले, तसेच ते होईल.

उत्तर: महालचा सोल्डरवाला

पिकोचा मुद्दा मी सोडून दिला होता, ती माझी चूक. पाय ५ च्या वेळची रांगही मला माहीत होती, पण रागात माणूस सोयीचे तेवढेच आठवतो. हिस्सा आधीच ठरवून जाहीर करावा, हे माझे म्हणणे मात्र कायम आहे. या वेळी मेमरी आणखी कमी पडली आणि पुन्हा रांग लावायची वेळ आली, तर कंपनीने तो आकडा पहिल्याच दिवशी सांगावा.

उत्तर: धरमपेठकर

सर्वांचे आभार. मी प्रश्न विचारला तेव्हा माझ्या मनात कंपनीविषयी जेवढा राग होता तेवढा आता नाही, पण वर्कशॉपवाल्यांनी म्हटलेली एक गोष्ट डोक्यातून जात नाही. बारा मुलांच्या वर्गाला लिहायला त्या पत्रात जागा नव्हती. २०२२ मध्ये मी पत्र पाठवायचा विचारही केला नाही, कारण ‘व्यावसायिक’ हा शब्द वाचून मीच स्वतःला वगळले होते. पाठवून पाहायला हवे होते. फार तर नाही म्हणाले असते.

जूनसाठी बारा पिको, एक जीबीचे दोन बोर्ड आणि जमले तर जुने दोन संगणक, असे ठरवले आहे. पिको या आठवड्यातच बर्डीवरून घेतो. नेलपॉलिश घरातून मिळेल, असे मुलीने कबूल केले आहे, रंग मात्र ती निवडणार आहे.

वर्कशॉपवाल्या दादांना एक विनंती आहे. हंगाम संपून आपल्याला सवड झाली की एखाद्या शनिवारी मी चार-पाच मुलांना हिंगण्याला घेऊन येऊ का? त्यांना काट्यावर चढलेली गाठ आणि पेटीतले मॉड्यूल पाहायचे आहे. जळालेला तीन क्रमांकाचा बोर्डही बरोबर आणतो. आपल्याकडे मोठे भिंग असेल तर नेमके काय जळाले ते मुलांना दाखवता येईल.

उत्तर: हिंगणा वर्कशॉप

अवश्य या. मार्च उलटला की कामाचा जोर ओसरतो. एप्रिलच्या पहिल्या शनिवारी सकाळी नऊच्या आत पोहोचा, कारण अकरानंतर आमच्या शेडचा पत्रा तापतो आणि मग मुलांचे लक्ष फक्त माठाच्या थंड पाण्याकडे राहते. भिंग आहे. गाठ नसेल, पण काटा तपासायची वजने आहेत, आणि मुलांनाही काट्यावर चढवून चिठ्ठी छापून देऊ.